हळदीखालची माणसं

राजेरजवाड्यांच्या काळात, एका रुंद नदीच्या अलीकडच्या काठाला, एक हळदीचं गाव होतं. तिथली हळद अशी की चिमूटभर टाकली तरी अख्ख्या पंगतीची आमटी पिवळीजर्द व्हावी. गाव खाऊनपिऊन सुखी होतं, आणि अशा गावांना असतो तेवढा तोराही त्याला होता.

गावाला तट होता आणि तटाला दोन दारं होती. पुढचं दार मोठं, सागवानी, पितळी फुलांचं. त्याच्या चौकटीवर राजाचं फर्मान कोरलेलं होतं, ‘बिल्ल्याशिवाय कोणी आत येऊ नये.’ मागचं दार नदीकडे उघडायचं. ते एवढंसं होतं की वाकूनच जावं लागे. त्याच्यावर काहीही कोरलेलं नव्हतं. या दोन्ही दारांच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असत, तो गावचा राखणदार. ही गोष्ट त्याची.

राखणदार पन्नाशी उलटलेला, सरळ माणूस. पुढच्या दाराशी तर तो भलताच कडक. एकदा त्याचा सख्खा मेहुणा बिल्ला घरी विसरून आला, तर त्यानं त्याला दिवसभर बाहेरच्या पिंपळाखाली बसवून ठेवलं. पाणी दिलं, भाकरी दिली, पण आत घेतलं नाही. या गोष्टीचा त्याला अभिमान होता आणि ती तो दर चार दिवसांनी कोणाला ना कोणाला सांगत असे.

मागच्या दाराची गोष्ट मात्र तो कोणाला सांगत नसे.

दरवर्षी हळद काढणीला आली की गावचे पाटील फिरत फिरत दाराशी येत आणि आभाळाकडे बघत म्हणत, “राखणदार, नदीकडल्या दाराची कडी जरा सैल झाल्यागत वाटतीया.”

“व्हय पाटील,” राखणदार म्हणे. “लोखंडच ते. व्हतंय सैल.”

त्या दिवशी सकाळी मागचं दार नुसतं लोटलेलं असे. डोक्यावर गाठोडी घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून माणसं येत आणि वाकून आत शिरत. ती पलीकडच्या काठाची माणसं. नदीनं वळण बदललं होतं आणि त्यांची शेतं एकेक करून गिळली होती. गाव त्यांना नुसतं ‘पलीकडचे’ म्हणे. पलीकडचे हळद खणत, काहिलीत शिजवत, उन्हात वाळवत. आणि गावात आता कोणीच करत नव्हतं असं एक काम ते करत. ते पेवात उतरत.

पेव म्हणजे हळद साठवायचा खड्डा. जमिनीत दोन पुरुष खोल, पोटात रांजणासारखा फुगीर आणि वर तोंड इतकं अरुंद की एक माणूस अंग चोरून जाईल. आत हळद भरायची, तोंडावर शिळा ठेवायची, तिच्या कडा माती-शेणानं लिंपायच्या, की आतली हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी. पण बंद पेवातली हवा मरते. म्हणून पेव उघडलं की आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला तर आत पाऊल टाकायचं नाही. गावातले लोक पूर्वी स्वतःच उतरत असत. मग हातात चार पैसे आले, अंगं जड झाली आणि पेवाची तोंडं त्यांना अरुंद वाटू लागली.

कोणी म्हणेल, या माणसांनी रीतसर बिल्ला का घेतला नाही? घ्यायला गेली होती ना. बिल्ला मिळे तो राजधानीतल्या एका खिडकीवर, आणि ती खिडकी उघडे वर्षातून एक दिवस, सूर्योदयापासून दुपारपर्यंत. पलीकडचे दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा पुढे शे-दीडशे माणसं असताना खिडकी मिटली.

बहुतेक लोक काढणी संपली की परत जात. एक घर मात्र सहा वर्षांपासून गावातच राहिलं होतं. परत जायला त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. सासूसासरे, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, एक विधवा नणंद, एक बिनलग्नाचा दीर आणि पाच वर्षांची एक मुलगी, अशी नऊ माणसं. मुलगी याच गावात जन्मली होती. तिची आई राखणदाराला मामा म्हणे, आणि मुलगी तर दिवसभर त्याच्याच ओट्यावर असायची. तिला कोणी विचारलं, तू कुठली, तर ती तटाच्या आतल्या जमिनीवर पाय आपटून दाखवी.

दर चैत्रात राजाचा तपासनीस माणसं मोजायला येई. त्या दिवशी ही नऊ माणसं एका रिकाम्या पेवात बसत. वर शिळा अर्धवट सरकवलेली असे. तपासनीस येई, पाटलांकडे शिरापुरी खाई, वहीवर नजर टाकी आणि ढेकर देत निघून जाई. दोन घटकांत सगळं आटपे. सहा वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटेनासं झालं होतं. मला विचाराल तर या सगळ्यात वाईट तेच.

सातव्या वर्षी तपासनीस बदलला. नवा माणूस काटक्या अंगाचा आहे, गोड खात नाही आणि कोपरा न् कोपरा बघतो, अशी बातमी त्याच्याआधी गावात पोचली. पाटलांनी सकाळीच खळ्यावर येऊन फर्मावलं, “औंदा शिळा पुरती लावा. कडा लिंपा. वर हळद पसरा.”

राखणदार चपापला. “पाटील, आन् हवा?”

“दोन घटकांचा तर प्रश्न हाय. त्यो येतोय, बघतोय, जातोय. तू उगा जिवाला घोर लावून घिऊ नगंस.”

नऊ माणसं एकेक करून खाली उतरली. कालच रिकामं केलेलं पेव, भिंतींना अजून हळदीचा वास. शेवटी मुलीची आई उतरली. खांद्यापर्यंत आत गेल्यावर ती थांबली.

“मामा,” ती म्हणाली, “काय बी झालं तरी झाकण उघडू नगा. घावलो तर आमाला पलीकडं धाडतील. तकडं आता निस्तं पाणी हाय.”

राखणदारानं मान हलवली. शिळा बसली, कडा लिंपल्या गेल्या, वर हातभर हळदीचा थर पडला. जणू तिथं कधी काही नव्हतंच.

थोड्याच वेळात तपासनीस आला. शिरापुरीला त्यानं हात जोडले आणि वाटीभर ताक मागितलं. मग खळ्याशेजारच्या चावडीवर मांडी घालून बसला, वही उघडली आणि म्हणाला, “घरागणिक माणसं माझ्यासमोर येऊ द्या. बिल्ला हातात घेऊन.”

“समदी?” पाटलांनी विचारलं.

“राहतात तेवढी सगळी.”

घरं येऊ लागली. तपासनीस प्रत्येकाचा बिल्ला हातात घेई, उलटा करून बघे, वहीत खूण करी. एका म्हातारीचा बिल्ला सापडेना, तर तिला घरी पाठवून तो येईपर्यंत स्वस्थ बसून राहिला. दोन घटका झाल्या. तीन झाल्या. गावाची एक आळीसुद्धा पुरती झाली नव्हती. राखणदार बाजूला उभा राहून एकदा खांबाच्या सावलीकडे बघे, एकदा खळ्यावरच्या हळदीकडे.

चौथ्या घटकेला तो पाटलांच्या कानाशी गेला. “पाटील, ऊन चढलं.”

“चढू दे.”

“पाटील, खाली ल्हान पोर हाय.”

“मला काय कळत न्हाई व्हय?” पाटील दातओठ खात कुजबुजले. पाटील काही दुष्ट नव्हते. ते फक्त घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या मोठ्या माणसाच्या हातून बारक्या माणसाचं भलं सहसा होत नाही. “अजून घटकाभर. त्यो पाणी प्यायला उठला की तू जा अन् गुपचूप फट पाड.”

तपासनीस पाण्याला काही उठेना.

राखणदार खळ्याच्या दिशेनं दोन पावलं गेला आणि थांबला. बोलावं तर त्या घराला नदीपार धाडतील. आणि त्यालाही कोण सोडणार होतं? दार त्यानंच तर उघडलं होतं. पन्नाशीत बिल्ला गेला तर कुठल्या गावाच्या वेशीवर जाऊन उभं राहायचं? त्याला स्वतःची भीती वाटली, मग ती वाटली याची लाज वाटली, आणि या दोन्हींत आणखी थोडा वेळ गेला. बाईनं तर बजावलं होतं, झाकण उघडू नका. तो तेच धरून बसला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. तिचाच शब्द पाळला म्हणून लोकांनी उलट त्याची पाठ थोपटली असती.

पण मेहुण्याला दिवसभर बाहेर बसवताना आपण त्याला पाणी दिलं होतं, सावली दिली होती, हे राखणदाराला आठवलं. कडक असणं त्याला ठाऊक होतं. हे जे चाललं होतं ते कडक असणं नव्हतं.

तो ताडताड खळ्यावर गेला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी हळद उपसू लागला.

तपासनीसानं वहीतून मान वर केली. “काय शोधतोस रे?”

“माणसं, सरकार.”

“हळदीखाली?”

“व्हय सरकार. हळदीखाली.”

पाटलांनी डोळे मिटून घेतले. तपासनीस एका उडीत खाली आला. त्यानं काही विचारलं नाही, बाह्या मागे सारल्या आणि तोही उपसू लागला. पहारीनं लिंपण फोडलं, शिळा सरकली. आतून कोंदट, पिवळी वाफ वर आली. कोणीतरी धावत दिवा आणला. राखणदारानं तो दोरीला बांधून खाली सोडला. दिवा हातभर खाली गेला, दोन हात गेला आणि फडफडून विझला.

माणसं मागे सरली. रीतच होती तशी. दिवा विझला तर आत पाऊल टाकायचं नाही.

“पोरी!” राखणदार पेवाच्या तोंडाशी पालथा पडून ओरडला. “ऐकतीयास का?”

खालून काही आलं नाही.

“आत उतरणारी तुमची माणसं कुठं आहेत?” तपासनीस म्हणाला. “बोलवा त्यांना.”

गावानं एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. पेवात उतरायचं कसब असलेली सगळी माणसं पेवातच होती.

तेव्हा राखणदाराला ती माणसं काम कसं करत ते आठवलं. दिवा विझला की ती घोंगडी दोरीला बांधत आणि विहिरीतल्या बादलीसारखी खालीवर, खालीवर करत. त्यानं आतली मेलेली हवा ढवळून निघे आणि वरची ताजी हवा खाली जाई. ओट्यावर बसून त्यानं हे शंभरदा पाहिलं होतं. त्यानं खांद्यावरची घोंगडी ओढली, दोरीला बांधली आणि आत सोडली. खाली, वर. खाली, वर. त्याचे हात भरून आले तसं पुढे होऊन एकानं दोरी धरली, मग दुसऱ्यानं. कोणी दुसरी घोंगडी आणली. बायांनी सुपं आणून तोंडाशी वारा घालायला सुरुवात केली. ज्यांनी सकाळी हळद पसरली होती तेच हात आता दोरी ओढत होते. कोणी कोणाला सांगत नव्हतं.

दिवा पुन्हा सोडला. तो काजव्याएवढा झाला, पण विझला नाही.

राखणदारानं कमरेच्या किल्ल्या काढून टाकल्या, कारण त्यांच्यासकट तो त्या तोंडातून गेला नसता, आणि दोरी धरून खाली उतरला. खाली माणसं एकमेकांना टेकून, माना टाकून बसली होती. मुलगी आईनं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली होती, वरच्या हवेकडे. तिचे हात तसेच आखडले होते. राखणदारानं पोरीला उचललं, तशी ती किंचित कण्हली. त्या आवाजानं त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

एकेकाच्या काखेखालून दोरी घालून वर ओढलं. नऊच्या नऊ माणसं वर आली. म्हातारा सासरा बराच वेळ डोळे उघडेना, पण कांदा फोडून नाकाशी धरला आणि थंड पाणी मारलं, तशी त्यानं एक मोठी उचकी दिली आणि पहिला शब्द बोलला, “झाकण कुणी उघाडलं?” तो घाबरला होता हो. इतकं होऊनही त्याला भीती झाकण उघडल्याचीच होती.

तपासनीस अंगावरची हळद झटकत पुन्हा चावडीवर बसला. त्याचा चेहरा काळवंडला होता. त्यानं विचारलं, “यांना आत कोणी घेतलं?”

“म्या, सरकार,” राखणदार म्हणाला. पाटलांचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं तिथंच ठेवलं. ते दुसऱ्यानं घेण्यासारखं नव्हतं, पाटलांनीच सांगायला हवं होतं.

“दारावर फर्मान कोरलंय. वाचता येतं ना?”

“पाठ हाय सरकार. बिल्ल्याशिवाय कोणी आत येऊ नये.”

“आणि पुढचं?”

“पुढचं?” राखणदार गोंधळला. “तेवढंच हाय की.”

तपासनीसानं आपल्या दप्तरातून मूळ फर्मानाची नक्कल काढली आणि मोठ्यानं वाचली. “‘बिल्ल्याशिवाय कोणी आत येऊ नये. जो अशा माणसाला आत घेईल, जो त्याच्याकडून काम करून घेईल आणि जो त्याला लपवील, त्या तिघांचाही बिल्ला रद्द व्हावा.’” त्यानं कागद खाली ठेवला. “तुमच्या गावानं सुरुवातीचं वाक्य तेवढं दारावर कोरलं. बाकीचं कुठं गेलं ते मी विचारत नाही.”

चौकटीवर जागा भरपूर होती. हे प्रत्येकाला माहीत होतं.

राखणदारानं गळ्यातला बिल्ला काढला आणि तपासनीसासमोर ठेवला. “आत म्या घेतलं.”

मग बिल्ला शोधायला घरी गेलेली ती म्हातारी काठी टेकत पुढे आली. “एवढी तंगडतोड करून आनला, आन् आता परत देयाचा,” ती पुटपुटली. “पर गेल्या साली माझ्या पेवात हीच बाई उतरली व्हती. खोटं कसं बोलू?” तिनं बिल्ला ठेवला. तिच्यामागून एक शेतकरी आला, त्याची काहील पेटवायला म्हातारा सासरा असे. मग तेली आला, मग सुतार. प्रत्येकानं कधी ना कधी, काही ना काही काम त्या नऊ जणांकडून करून घेतलंच होतं. बिल्ल्यांचा ढीग झाला. सगळ्यांत शेवटी पाटील उठले. “कडी सैल करायला मीच सांगत हुतो,” ते म्हणाले, “आन् लिंपायला बी मीच सांगितलं.” त्यांचा बिल्ला चांदीचा होता, आणि इतक्या वर्षांत तो कधी काढावाच लागला नव्हता. त्याची गाठ सोडवायला सून बोलवावी लागली.

तपासनीसानं ढिगाकडे बघून सुस्कारा सोडला. “छान. आता या गावात बिल्ला असलेला माणूस एकच, आणि तो मी. फर्मानाप्रमाणे तुम्हां सगळ्यांना तटाबाहेर काढायला हवं. नाहीतर दुसरी वाट आहे. ज्याच्याकडे बिल्ला नाही त्यानं राजधानीच्या खिडकीवर जावं आणि रांगेत उभं राहून मागून घ्यावा.”

“ती खिडकी कवा उघडती?” पाटलांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं.

बाजेवर पडलेली मुलीची आई क्षीण आवाजात म्हणाली, “वर्साला एकदा. आजपास्नं आठव्या दिशी. पर दिस उगवायच्या आधी जावं लागतंय. दुपारी मिटतीया.”

आठव्या दिवशी राजधानीनं कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. अख्खं हळदीचं गाव, तान्ह्या पोरांसकट आणि गाडीत घातलेल्या म्हाताऱ्यांसकट, तीन मुक्कामांची वाट तुडवून खिडकीसमोर उभं होतं. राखणदारानं त्या नऊ जणांना सगळ्यांच्या पुढे उभं केलं. खिडकीला पाठ करून रांग सरळ करताना त्याला पुढच्या दाराशी असल्यासारखंच वाटलं. नऊ जणांच्या मागे, सवयीनं, पाटील येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे राखणदार आणि मग बाकीचं गाव.

ऊन तापलं. सावली नव्हती, पाणी नव्हतं, बसायला दगड नव्हता. शेजारच्या गावचा एक म्हातारा बाजूच्या रांगेत होता, त्यानं पाटलांना आपुलकीनं विचारलं, “कितवं वर्स तुमचं?”

“पैलंच,” पाटील म्हणाले.

“मग व्हतंय सवयीचं,” म्हातारा म्हणाला. “माझं अकरावं.”

पाटलांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

खिडकी उघडली. कारकुनानं नियम ओरडून सांगितला. पहिल्याची ओळख राजाच्या अंमलदारानं द्यायची, आणि मग ज्याला बिल्ला मिळाला त्यानं मागच्याची ओळख द्यायची. एकही दुवा तुटला तर रांग मोडली. सगळ्यांनी पुढच्या वर्षी यावं.

गावासोबत आलेल्या तपासनीसानं पहिल्या घराची ओळख दिली. “या नऊ माणसांना मी माझ्या हातांनी वर काढलं आहे.” कारकुनानं नऊ बिल्ले मोजून दिले. मुलीनं आपला लगेच दातांत धरून पाहिला.

“पुढचा!”

पाटील खिडकीशी आले. कारकुनानं मान वर न करता विचारलं, “तुम्हांला ओळखणारं कोण?”

आयुष्यात पाटलांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांच्या पुढे, हातात नवाकोरा बिल्ला धरून, मुलीची आई उभी होती. तिची बोटं अजून सुजलेली होती. पाटलांना तिच्याकडे बघवेना. मागून राखणदार तिच्याकडे बघत होता. ती नुसती गप्प राहिली असती तरी पुरे होतं. पाटील, तो स्वतः आणि अख्खं गाव बिल्ल्यावाचून परत फिरलं असतं. आणि ती गप्प राहिली असती तरी तिला नावं ठेवायला राखणदाराची जीभ रेटली नसती.

“मी वळखते त्यास्नी,” ती म्हणाली. “आमच्या गावचं पाटील हाईत. सा वर्सं त्यांच्या पेवात उतरते मी.”

कारकुनानं खूण केली आणि टाक पुन्हा शाईत बुडवला. “ओळख दोन्ही बाजूंनी लागते. त्या तुम्हांला ओळखतात. तुम्ही त्यांना ओळखता का? नाव सांगा यांचं.”

रांगेत सगळं गाव कान देऊन उभं होतं. सहा वर्षं ती पाटलांची हळद खणत होती. त्यांना तिचं नाव माहीत नव्हतं. मागे राखणदार मान खाली घालून पायाचा अंगठा बघत होता. ती त्याला मामा म्हणायची, तिची मुलगी त्याच्या ओट्यावर वाढली होती, आणि तिचं नाव त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

“पलीकडची” एवढाच शब्द पाटलांना सुचला, आणि तो त्यांच्या तोंडून निघेना.

मग त्यांनी डोक्याचा फेटा काढून हातात घेतला, तिच्याकडे वळले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “बाई, चुकलो मी. नाव काय हो तुमचं?”

“हौसा,” ती म्हणाली.

“हौसाबाई,” पाटलांनी कारकुनाला सांगितलं. “आमच्या गावच्या.”

त्या दिवशी खिडकी दुपारी मिटली नाही. मागे उन्हात अख्खं गाव उभं असताना ती मिटायची कारकुनाची छाती झाली नाही. राजाच्याही कानावर सगळं गेलं, आणि पुढल्या महिन्यापासून ती दर सोमवारी उघडू लागली. हळदीच्या गावाचा तट आहे तसाच राहिला, पुढचं दारही राहिलं, आणि राखणदार अजून तिथं पूर्वीइतकाच कडक असतो. नदीकडचं दार तेवढं गावानं दगडामातीनं बुजवून टाकलं. आता पलीकडून कोणी आलं की पुढच्याच दाराशी येतं आणि पिंपळाखाली बसतं. राखणदार त्याला पाणी देतो आणि बिल्ल्याचं विचारायच्या आधी नाव विचारतो.

या गोष्टीचं तात्पर्य असं की, घराला दार असावं आणि दाराला राखणदारही असावा, पण ज्याला आपण कामासाठी मागच्या दारानं बोलावलं, त्याला मोजणीच्या वेळी लपवू नये. कायदा त्याच्यासाठी पूर्ण वाचायचा असेल तर आपल्यासाठीही पूर्णच वाचावा, आणि त्याआधी त्याचं नाव विचारावं.